एकशे सतरा – एकशे अकरा

कोलोनच्या बंदरावर बाबा वजनकाट्यावर बसायचे.
कोकोची पोती, तांब्याची वेटोळी,
गोठवलेल्या कोळंबीची ओली खोकी.
तीस वर्षांत छटाकभराची चूक नाही,
असं ते सांगायचे. गोदीतले हमालही सांगायचे,
जे बाबांविषयी सहसा बरं बोलत नसत.

शनिवारी मात्र इस्त्रीचा पांढरा शर्ट,
खिशात दोन पेनं, एक आटलं तर दुसरं,
आणि रिंगच्या कडेला उंच स्टूल.
तीन बाजूंना तीन पंच, चौथी बाजू टीव्हीवाल्यांची.
दोरीखालून बघायचं, नाहीतर दोरीवरून,
मध्ये रेफरीची पाठ आली तर आली.
त्या पाठीआड बसलेला ठोसा
कोणाच्या खात्यात मांडायचा
हे कुठल्याच नियमात नाही.

बेलिसारियो ग्रेनाल्ड आमच्या गल्लीतला.
ऑर्लन हॉजसन ब्लूफील्ड्सहून बोटीने आलेला,
सोबत मामा आणि नारळाच्या पावाची पिशवी.
आदल्या दिवशी दोघे उघडे काट्यावर चढले:
एकशे अठरा पौंड. एकशे अठरा पौंड.
बाबा म्हणाले, बघ, किती सोपं असतं हे.

फेरी संपते, चिठ्ठी लिहायची, रेफरी ती घेऊन जातो.
नेलेली चिठ्ठी परत मागता येत नाही.
बारा फेऱ्या, बारा चिठ्ठ्या.
एका पंचाने हॉजसनला दिली, एकाने ग्रेनाल्डला,
दोन-दोन गुणांनी, जीव मुठीत धरून.
मग निवेदकाने बाबांचा आकडा वाचला
आणि आमचंच स्टेडियम
क्षणभर गप्प झालं.
मग ढोल वाजले. ग्रेनाल्डला खांद्यावर घेणारेही
बाबांच्या स्टुलाकडे न बघता गेले.
हॉजसनचा मामा ओरडला, काटा काढलात आमचा!
हॉजसन काही बोलला नाही. त्याचा डावा डोळा मिटलेला,
उजव्याने तो पट्ट्याकडे नाही,
बाहेरच्या दाराकडे बघत होता.

न्हावी त्यानंतर बाबांना नंबर लागूनही बसवून ठेवायचा.
बाबा थांबायचे. वाद घालत नसत.

ते गेल्यावर बिस्किटांच्या डब्यात मला सापडली
एक व्हिडिओ टेप, आणि जकातीच्या जुन्या पावत्या,
पाठकोऱ्या, प्रत्येकीवर बारा ओळी.
दर वर्षी त्याच तारखेला, आवाज बंद करून,
एकोणीस वेळा त्यांनी ती लढत पुन्हा तोलली होती.
एकशे सोळा – एकशे बारा, हॉजसन.
एकशे चौदा – एकशे चौदा.
एकशे पंधरा – एकशे तेरा, हॉजसन, खाली रेघ.
आणि सतराव्या वर्षी, देव जाणे का,
पुन्हा एकशे सतरा – एकशे अकरा, ग्रेनाल्ड.
त्या पावतीवर कॉफीचा डाग.

मीही आवाज बंद केला.
मुक्यानं बघितलं की दोघे थकलेले दिसतात,
दोन माणसं एखादं जड कपाट जिन्यावरून उतरवताना दिसतात तशी.
सातवी फेरी. कोपऱ्यातलं घड्याळ: दहा सेकंद बाकी.
चौकटीच्या खालच्या कडेला, दोन छायाचित्रकारांच्या मधून,
एक ओळखीचं टक्कल.
वाकलेलं.
लिहितंय.
वर हॉजसनचा डावा हात बरगडीत रुततो,
पुन्हा तोच, थोडा वर,
ग्रेनाल्डचे गुडघे विचार बदलतात, दोरी त्याला धरते,
घंटा होते, आणि तेव्हा कुठे बाबा मान वर करतात,
चिठ्ठीची घडी घालून झालेली.

मी मागे घेऊन पुन्हा लावलं. तेच.
एकोणीस वर्षं त्यांनीही हे बघितलं असणार,
आवाजाशिवाय, एकटे, रात्री जेवण झाल्यावर.
पावत्यांवर सातव्या ओळीत दर वेळी
हॉजसन दहा, ग्रेनाल्ड नऊ. सतराव्या वर्षीसुद्धा.
बाकीच्या अकरा ओळी हलत राहिल्या.

कुणीतरी सांगितलं, हॉजसन बोटी रंगवतो आता.
विचारलं तर म्हणतो, जिंकलो होतो ती,
स्वतःच्या गावाचं नाव सांगावं इतक्या सहज.
त्याचा नंबर मिळाला आहे मला.
पावतीच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवलाय,
बाबांच्या दुसऱ्या पेनाने,
जे अजून उमटतं.